दहा किलोची उशी

वजनकाट्यावर गाडी चढली की आधी माणसं खाली उतरवायची, हा काटेसाहेबांचा पहिला नियम होता. "उतरा सगळे!" ही त्यांची आरोळी खडीच्या डेपोत बावीस वर्षं घुमत होती आणि तिच्यातून कोणाची सुटका नव्हती. एकदा डेपोचे मालक स्वतः ट्रकच्या केबिनमध्ये बसून आले, तर साहेबांनी त्यांनाही उतरवून भर उन्हात दोन मिनिटं उभं केलं. मालक उतरले, हसले, आणि त्या वर्षी साहेबांच्या केबिनची रंगरंगोटी तेवढी राहून गेली.

काटेसाहेब हे नाव ट्रकवाल्यांनी ठेवलेलं. साहेब म्हणावं असं त्यांच्यापाशी होतं तरी काय? सहा बाय आठची केबिन, एकाच बाजूला मान वळवणारा पंखा, लाल आकडे दाखवणारं यंत्र आणि करकरत पावती ओकणारा छोटा प्रिंटर. पण खिडकीबाहेर जमिनीत बसवलेल्या त्या लोखंडी भुईकाट्यावर तीस-तीस टनांची धुडं निमूट येऊन उभी राहायची, आणि साहेब आकडा वाचून दाखवेपर्यंत जागची हलायची नाहीत. तेवढं डोक्यात जायला माणसाला पुरतं.

रिकामा ट्रक आधी तोलायचा, मग खडी भरून पुन्हा तोलायचा, आणि मधला फरक म्हणजे माल, असा तिथला हिशेब. म्हणजे रिकामा ट्रक जितका जड दिसेल तितकी खडी फुकट. मग पहिल्या तोलापुरता कोणी सीटखाली दगड लपवायचा, कोणी पाण्याची पिंपं भरून आणायचा. एकाने तर आपल्या सासऱ्याला ताडपत्रीखाली झोपवून आणलं होतं. साहेबांनी ताडपत्रीला काठीने ढोसलं, तर ताडपत्री "अगं आई गं" म्हणून ओरडली. ड्रायव्हर गयावया करू लागला तेव्हा साहेबांनी त्याला त्यांचं ते ठरलेलं वाक्य ऐकवलं, "माणूस खोटं बोलतो. काटा खोटं बोलत नाही."

हा काटा बोलायचा मात्र दहा-दहा किलोंनीच. चौदा हजार दोनशे तीस, नाहीतर चौदा हजार दोनशे चाळीस. मधलं त्याला दिसत नसे, जो दहाचा आकडा जवळ असेल त्यावर तो जाऊन बसे. ट्रकला त्याने काही फरक पडत नाही. पण रोज आठ तास त्या आकड्यांकडे बघून बघून साहेबांचंही तसंच झालं होतं. दहाच्या आतलं काही जगात असतं, हे ते विसरूनच गेले होते.

घरी तिघंच. साहेब, बायको आणि साहेबांची आई. चौथी म्हणजे गाडी. छोटी, चार दारांची, अकरा वर्षांची आणि चढ आला की उसासे टाकणारी. आठवडाभर ती दारात उभी असे आणि रविवारी सकाळी साहेब तिच्यातून आईला घाटात घेऊन जात. घाटाच्या मध्यावर, बाराव्या वळणाला, एक वस्ती होती. तिथे आईची थोरली बहीण राहत होती, म्हणजे साहेबांची मावशी. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून मावशी अंथरुणात होती. एक शेजारीण येऊन तिचं करून जाई. आई रविवारी जायची, बहिणीचे केस विंचरायची, नखं कापायची, आणि लहानपणी दौत कोणी सांडली होती यावरून तिच्याशी भांडून यायची. साठ वर्षांपूर्वीची ती दौत. दोघींनाही ते भांडण मिटवायचं नव्हतं. आईच्या सगळ्या आठवड्याला तेवढा एकच दिवस होता, बाकीचे सहा दिवस त्या रविवारची वाट बघण्यात जायचे.

मागच्या सीटवर डाव्या बाजूला तिची जागा ठरलेली. तिथे एक छोटी उशी असे. जुन्या पडद्याच्या कापडाची, आईनेच शिवलेली, बसून बसून चपटी झालेली. वळणावर पाठीला कळ लागू नये म्हणून ती कमरेमागे घ्यायची. उशी गाडीतच राहायची.

सगळं ठीक चाललं होतं. मग साडू आडवे आले.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, फर्निचरच्या दुकानाचा मालक, मोठ्या गाडीचा धनी आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. घाटाच्या वर त्यांच्या नव्या घराचं बांधकाम चाललं होतं म्हणून दर रविवारी तेही वर जायचे. एका रविवारी पाचव्या वळणावर त्यांनी साहेबांना मागे टाकलं. गाडीत पाच माणसं आणि मागे सिमेंटच्या दोन गोण्या असताना टाकलं, हॉर्न वाजवून टाकलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढून टाटा करत टाकलं. साहेबांनी पाय दाबला. गाडीने "हूं" केलं आणि होती त्याच वेगाने चालत राहिली.

पण इतक्यावर भागलं नाही. संध्याकाळी दोन्ही घरं चहाला एकत्र बसली असताना साडूंनी विषय काढलाच. "साडूभाऊ, घाटात गाडी दमते का हो तुमची? का तुम्हीच खाली उतरून ढकलत असता?"

सगळे हसले. बायको हसली, ते साहेबांनी गिळलं. पण आईसुद्धा हसली, चांगली पदर तोंडाला लावून हसली, तेव्हा मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर त्यांनी मोबाइल चोळला आणि त्यात त्यांना एक गुरू भेटला. टोपी उलटी घातलेला तो मनुष्य कुठल्याशा गॅरेजात उभा राहून सांगत होता की इंजिनाला हात लावू नका, पैसे घालू नका, फक्त वजन काढा. वजन गेलं की छोटी गाडीसुद्धा चढावर हरणासारखी सुटते. त्यात चूक काही नव्हतं. वजन कमी केलं की गाडी पळते, हे कोणीही सांगेल. पण वजनाबद्दल आपल्याला कोणी शिकवावं आणि तेही उलट्या टोपीवाल्याने, हे साहेबांना लागलं. आपल्याच लक्षात हे आधी यायला हवं होतं असं त्यांना वाटलं, आणि एकदा तसं वाटल्यावर ते काय थांबणार!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टाकी फुल केलेली गाडी काट्यावर चढवली, सवयीने "उतरा सगळे!" असं स्वतःलाच ओरडून खाली उतरले आणि केबिनमध्ये येऊन आकडा पाहिला. आठशे चाळीस. गाडीच्या पुस्तकात छापलं होतं आठशे दहा.

"तीस किलो!" साहेब पुटपुटले. बावीस वर्षं चोर पकडले आणि घरच्याच गाडीने फसवलं! दगड लपवणाऱ्या ट्रककडे बघावं तसे ते आपल्या गाडीकडे बघत बाहेर आले. दार उघडलं. समोर उशी. ती उचलून काखेत मारली आणि केबिनच्या खिडकीतून आत डोकावले.

आठशे तीस.

उशी परत ठेवली. आठशे चाळीस. काढली. आठशे तीस. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. आता यात जादू काहीच नव्हती. गाडीचं खरं वजन आठशे पस्तीसच्या अगदी काठावर होतं आणि पावशेराच्या उशीने ते काठाच्या अलीकडे-पलीकडे होत होतं. उशीऐवजी साहेबांनी आपली चप्पल काढून ठेवली असती तरी आकडा तसाच पडला असता. हे काट्यावर बसणाऱ्याला कळायला नको? पण साहेबांच्या हातात उशी होती आणि डोळ्यांसमोर लाल आकडा होता. त्यांनी आकड्याचं ऐकलं. दोन्ही पावत्या छापल्या आणि खिशात घातल्या.

"आई," संध्याकाळी घरात शिरता शिरता ते म्हणाले, "तुझी ही उशी दहा किलोची आहे."

आई भाजी निवडत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं. "कोणाची?"

"तुझी. काट्यावर चढवून आणली. ही पावती बघ."

आईने पावती पाहिली, मग उशी एका हाताने उचलून पाहिली. तिने ती सुनेकडे दिली. सुनेने ती दोन बोटांत धरली.

"अहो, कापूस आहे हा," बायको म्हणाली.

"हाताला काय कळतंय? काटा खोटं बोलत नाही."

"बरं बाबा," आई म्हणाली. "दहा किलोची तर दहा किलोची. नको ठेवायला मग गाडीत. तुझ्या गाडीला उगाच त्रास." तिने उशी नेऊन आपल्या खाटेवर ठेवली. ती थट्टेत बोलली होती. साहेबांनी तो होकार समजला.

मग साहेबांना ऊतच आला. रोज जेवणाच्या सुट्टीत एक-एक वस्तू निघू लागली आणि वहीत तिचं वजन चढू लागलं. जॅक काढला, आकडा हलला नाही. पायाखालच्या मॅट काढल्या, नाही हलला. रेडिओ उपटला, तरी नाही. मग बायकोच्या बाजूला उन्हाची झडप होती, तिच्यातला तळहाताएवढा आरसा काढला आणि आकडा धाडकन आठशे वीसवर आला. साहेबांनी वहीत लिहिलं: उशी दहा किलो, आरसा दहा किलो, जॅक शून्य, मॅट शून्य, रेडिओ शून्य. आणि बायकोला जाऊन सांगितलं की तुझ्या नट्टापट्ट्यापायी इतकी वर्षं गाडी दहा किलो जास्त वाहत होती. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर वही तिथेच फाडून टाकली असती.

पुढचं काम पान्याशिवाय होईना, तेव्हा ते गॅरेजच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री साठीचा, तोंडात कायम एक स्क्रू धरून बोलणारा माणूस. त्याने स्टेपनी काढली, एसी काढला, दरवाज्यांचे पॅड काढले, छताचं कापड सोललं. "साहेब, एक विचारू का?" तो म्हणाला. "गाडी हलकी करायचीय का भंगारात घालायचीय? तेवढं सांगा, म्हणजे त्या बेताने हात चालवतो."

"मागची सीट काढा," साहेब म्हणाले.

"आणि आई?"

मिस्त्रीलासुद्धा ठाऊक होतं की मागे आई बसते. सीट निघाली आणि आकडा एकदम वीसने पडला. त्या दिवशी साहेब शिट्टी वाजवत घरी आले.

"सीट काढलीस?" आईने विचारलं. "मग मी बसू कुठे?"

"महिनाभराचा प्रश्न आहे गं. साडूला घाटात एकदा दाखवून देतो, की सीट परत जागेवर."

"आणि तोवर ताईकडे?"

"मावशी काय कुठे पळून चाललीय?"

हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. मावशीला तर कुशीवर वळायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागत होता. आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि आत निघून गेली. बायको मात्र दारात उभी राहिली. "पुढच्या सीटवर बसतील त्या," ती म्हणाली. "मी राहते घरी."

पण पुढची सीट त्याच आठवड्यात निघाली. मागच्यापेक्षा ती लोखंडाने जड होती आणि तिचेही वीस किलो साहेबांना स्वप्नात दिसू लागले होते. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काढा काढा. मी बसने जात जाईन. बसमध्ये निदान सीटा असतात."

आता गाडीत एकच सीट उरली होती, साहेबांची. मागे उघडा पत्रा. गाडी चालू केली की डबा बडवल्यासारखा आवाज व्हायचा. खडा उडाला की तो कानशिलाशी आदळल्यासारखं वाटायचं. एसी नाही, त्यामुळे काच खाली. काच खाली, त्यामुळे डेपोची सगळी धूळ आत. साहेब रोज पांढऱ्या भुवया घेऊन घरी येत. पण गाडी पळत होती, हे कबूल करायला हवं. सिग्नल सुटला की ती टुणकन उडी मारून पुढे व्हायची आणि साहेबांना आपण पंचविशीत असल्यासारखं वाटायचं.

पहिल्या रविवारी आईने मावशीच्या शेजारणीला फोन केला. "ताईला सांग, गाडीचं काम निघालंय. पुढल्या रविवारी येते." दुसऱ्या रविवारीही तेच सांगितलं. मुलाने सीटा काढल्यात असं तिने सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? त्या दोन रविवारी ती सकाळी नेहमीसारखी आंघोळ करून, केस नीट बांधून, बाहेरच्या खोलीत बसून राहिली. साहेबांना ते दिसत होतं. न दिसायला ते काही आंधळे नव्हते. पण तेव्हा गाडी सातशे चाळीसवर आली होती.

तिसऱ्या रविवारी दारात हॉर्न वाजला. बायकोने बहिणीच्या कानावर घातलं होतं. "काकू, चला," साडू खालूनच ओरडले, "वर चाललोच आहे, तुम्हाला सोडतो आणि येताना घेऊन येतो." आई इतक्या लगबगीने बाहेर पडली की तिची एक चप्पल उंबऱ्याशी उलटी पडली, ती सुनेने सरळ करून दिली. आईच्या काखेत उशी होती. साहेब त्या वेळी गाडीखाली शिरून कुठला पत्रा कापता येईल ते बघत होते. आईचे पाय जाताना त्यांना दिसले. बरं झालं, एक काम कमी झालं, असं त्यांच्या मनात आलं.

महिन्याचे तीन महिने झाले. दर रविवारी साडू येत, आई जाई, आणि उशी परत येईनाशी झाली. ती साडूंच्या गाडीतच राहू लागली. शेवटी आकडा सातशे वीसवर येऊन थांबला. "आता काय काढू?" मिस्त्रीने विचारलं. "नंबरप्लेट आणि तुम्ही, एवढंच उरलंय."

मग साहेबांनी साडूंना फोन लावला. "येत्या रविवारी घाट चढू. खालच्या पुलापासून वरच्या टपरीपर्यंत. बघू कोण दमतं."

"हो का? बरं बरं," साडू म्हणाले. मागे सुतारांच्या रंध्याचा आवाज येत होता. "चढू की."

रविवारी सकाळी पुलाजवळ साडूंची गाडी उभी होती. आत साडू, त्यांची बायको, साहेबांची बायको आणि मागे डाव्या बाजूला आई. साहेबांनी हात केला. साडूंनी हॉर्न दिला. साहेब सुटले.

गाडी खरंच हरणासारखी सुटली. पाचवं वळण, जिथे त्यांचा अपमान झाला होता, ते त्यांनी दात-ओठ खात घेतलं. मागचा भाग हलका झाल्याने वळणावर शेपटी बाहेर जायची, पण पाय सुटला नाही. बारावं वळण कधी आलं नि कधी गेलं ते त्यांना कळलंही नाही. वर टपरीपाशी ब्रेक लावून घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं! एरवी पंचवीस लागायची. आरशात पाहिलं तर मागे चिटपाखरू नाही.

ते उतरले, चहा सांगितला आणि साडूंना काय बोलायचं याची तालीम करू लागले. "दमलात का हो?" एवढंच म्हणायचं, शांतपणे, चहाचा घोट घेता घेता. चहा संपला. दुसरा सांगितला. टपरीवाल्याला त्यांनी अकरा मिनिटांची हकिगत सांगितली. त्याने विचारलं, "घाईचं काम होतं का काही?" साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला तेव्हा त्यांच्या मनात नको ते आलं. गाडी बंद पडली असेल. नाहीतर वळणावर... तिसरा चहा अर्धा टाकून ते उलटे फिरले.

साडूंची गाडी बाराव्या वळणाला, मावशीच्या दारात, झाडाच्या सावलीत उभी होती. मागच्या काचेतून पडद्याच्या कापडाची ती उशी दिसत होती. आत सगळे होते. मावशीला उठवून बसवलं होतं आणि आई तिचे केस विंचरत होती. साडूंच्या हातात नेलकटर होतं. फर्निचरच्या दुकानाचा मालक खाली बसून साहेबांच्या मावशीच्या पायाची नखं कापत होता.

"अकरा मिनिटं," साहेब दारातूनच म्हणाले.

मावशीला ऐकू कमी यायचं. "कसली रे?" तिने विचारलं.

"चढायला. घाट."

"अरे हो, साडूभाऊ!" साडूंनी मान वर केली. "विसरलोच बघा. काकूंना वळणावर मळमळतं ना, म्हणून मी तिसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. सावकाश येतो आम्ही. तुम्ही जिंकलात, जिंकलात!" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान परत काही म्हणता आलं असतं. आईला वळणावर मळमळतं, हे साहेबांना त्या दिवशी कळलं.

आईने कंगवा खाली ठेवला. "बरं झालं आलास. सांगायचंच होतं. मी आता इथेच राहते म्हणते. शेजारणीच्या सुनेचे दिवस भरत आलेत, ताईचं करायला कोणी नाही. आणि दर रविवारी मला कोणाच्या गाडीत घालायचं, हा घोर तरी कशाला कोणाला?"

"आई, अगं असं काय? किती दिवस?"

"बघू. महिनाभर म्हण."

"महिनाभर म्हणजे नक्की महिनाभर ना?"

"तूही महिनाभरच म्हणाला होतास," आई म्हणाली आणि मावशीची वेणी घालायला वळली.

परतताना बायको साडूंच्या गाडीतून आली. दुसरीकडे बसायला जागा होती कुठे? साहेब एकटेच पुढे निघाले आणि सगळ्यांच्या आधी घरी पोचले.

सोमवारी सकाळी त्यांनी सुट्टी टाकली आणि गाडी मिस्त्रीच्या दारात नेली. "सगळं परत बसवा," ते म्हणाले. मिस्त्रीने तोंडातला स्क्रू काढला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि तीन महिने टोमणे मारणारा तो माणूस या वेळी पाना घेऊन सरळ कामाला लागला. चार दिवस गेले. सीटा बसल्या, पॅड बसले, छताचं कापड ताणून चिकटलं, एसी, रेडिओ, स्टेपनी, शून्य किलोचा जॅक आणि दहा किलोचा आरसासुद्धा जागेवर गेला. मागच्या सीटची डावी बाजू साहेबांनी स्वतः ओल्या फडक्याने पुसली.

रविवारी ते बायकोला घेऊन घाट चढले. तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाहीत. मागून ट्रक हॉर्न देत होते, तेही पुढे जाऊ दिले. आई बाहेर आली, तिने गाडीचं दार उघडून सीटवर हात दाबून पाहिला. "छान बसवलीस," ती म्हणाली. पण बसली नाही. मावशीचं औषध द्यायची वेळ झाली होती.

"उशी तरी दे," साहेब म्हणाले. "गाडीत ठेवतो. तू येशील तेव्हा..."

"ती असू दे. ताईच्या पाठीला लागते." आई हसली. "आणि दहा किलो कशाला वाहतोस उगाच?"

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी टाकी फुल केली आणि गाडी काट्यावर घेतली. उतरले. केबिनमध्ये आले. आकडा होता आठशे तीस.

ते बाहेर गेले. डिकी उघडून स्टेपनी पाहिली, जॅक पाहिला. मॅट मोजल्या, चार. आरसा पाहिला, त्यात आपला चेहराही पाहिला. चोर ट्रकवाल्याची गाडी तपासावी तशी त्यांनी सगळी गाडी तपासली, फक्त या वेळी काही जास्तीचं सापडेल म्हणून नव्हे. सगळं जिथल्या तिथे होतं. मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यावर ते हात ठेवून थोडा वेळ वाकून उभे राहिले. मग केबिनमध्ये येऊन पुन्हा आकडा पाहिला.

मागे खडीचा ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग कंटाळून खाली उतरून खिडकीशी आला. "काय साहेब, आज घरच्याच गाडीचं माप? काय गडबड आहे?"

"दहा किलो कमी भरतेय."

"कशाचे?"

"उशीचे," साहेब म्हणाले.

ड्रायव्हर खो-खो हसला. "दहा किलोची उशी? साहेब, काट्याचं डोकं फिरलंय तुमच्या."

साहेबांनी प्रिंटरमधून पावती फाडून घेतली, तिची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "नाही," ते म्हणाले. "काटा खोटं बोलत नाही." आणि गाडी काढायला ते बाहेर निघाले.